बॅगेत भर घालणारा चोर

तपासनीसांनी बॅग वजनकाट्यावर ठेवली, काटा कालच्या खुणेच्या पुढे गेला, आणि घरात चोर शिरला आहे याबद्दल त्यांची खात्री पटली. आता साधा चोर काहीतरी घेऊन जातो. हा ठेवून जात होता. त्यामुळे प्रकरण जास्तच गंभीर होतं. घेऊन जाणाऱ्याचा हेतू निदान कळतो. ठेवून जाणाऱ्याच्या पोटात काय आहे ते कोणी सांगावं?

"तू काही ठेवलंस का यात?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मी कशाला ठेवू?" शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासता तपासता बायको म्हणाली. मान वर न करता म्हणाली. तपासनीसांनी ते टिपून ठेवलं.

लेकीला विचारलं. ती कानात काहीतरी खुपसून बसली होती. तिनं एका कानातलं काढलं, "नाही," म्हणाली आणि परत घातलं. राहता राहिले अण्णा, म्हणजे तपासनीसांचे वडील. ते खिडकीपाशी खुर्चीत बसून बातम्या बघत होते. अण्णांना विचारण्यात अर्थ नव्हता. बाप झाला तरी त्याला सरळ उत्तर द्यायची सवय नसते, हे तपासनीस स्वतः बाप झाल्यापासून जाणून होते.

या बॅगेचं मूळ दूतावासाच्या एका निरोपात होतं. शेजारच्या देशात गडबड वाढत असून घाबरण्याचं कारण नाही. तरीही इथे राहणाऱ्या आपल्या सर्व लोकांनी नावं नोंदवावीत, आणि कुटुंबामागे एकच बॅग, एका माणसाला जिन्यानं उतरवता येईल एवढ्याच वजनाची, भरून दाराशी ठेवावी, असा तो निरोप होता. घाबरण्याचं कारण नाही असं कोणी आपणहून सांगायला आलं की तपासनीस आधी दाराची कडी तपासायचे. उगाच कोण कशाला सांगेल? त्यांनी त्याच संध्याकाळी बॅग भरायला घेतली. चौघांचे पासपोर्ट, चौघांचे दोन-दोन कपडे, अण्णांची औषधं, बिस्किटं, बॅटरी, दोरी. दोरी कशाला, असं बायकोनं विचारलं. "असू दे," तपासनीस म्हणाले. दोरीचं नेमकं काय करतात हे त्यांनाही माहीत नव्हतं, पण दोरी नसलेल्या माणसाचं काय होतं याची त्यांना स्पष्ट कल्पना होती.

तपासनीस बाटल्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात माल तपासायचे. खोक्यातून कुठलंही एक झाकण उचलायचं, अंगठ्यानं दाबायचं, उजेडात धरायचं, कानाशी नेऊन वाजवायचं आणि मग त्या खोक्यावर 'तपासलं' अशा अर्थाची हिरवी पट्टी चिकटवायची, हे त्यांचं काम. इतकी वर्षं एकही खोकं न उघडता त्यांनी पुढे पाठवलं नव्हतं. पण हाताला लागलेली सवय माणूस कारखान्याच्या दाराशी ठेवून घरी येत नाही. दूधवाल्याचं दूध, लेकीचं प्रगतिपुस्तक, शेजाऱ्याचं "काय, कसं काय?" सगळं ते आधी उजेडात धरून बघायचे.

नावनोंदणीतच पहिली ठेच लागली. तपासनीसांचा फोटो परत आला. 'अर्जदाराचे डोळे पूर्ण उघडे असावेत,' असा शेरा होता. ते फोटोवाल्याकडे गेले. फोटोवाल्यानं त्यांना तीनदा बसवलं, दिवा पुढे घेतला, मागे घेतला, आणि शेवटी म्हणाला, "साहेब, कॅमेऱ्यावर थोडा विश्वास ठेवून बघा ना." तपासनीसांनी ठेवून बघितला. त्या फोटोत ते भूत दिसल्यासारखे दिसत होते. दूतावासानं तो आनंदानं स्वीकारला.

दुसरी ठेच मात्र जिव्हारी लागली. प्रत्येक इमारतीतून एक संपर्कप्रमुख नेमायचा होता. धोक्याचा निरोप दूतावासातून आधी त्याला येणार आणि त्यानं तो बाकीच्यांना द्यायचा. या पदासाठी आपल्याइतका सावध माणूस अख्ख्या रस्त्यावर नाही, असं तपासनीसांनी अर्जात नम्रपणे लिहिलं होतं. नेमणूक झाली समोरच्या दारातल्या दातांच्या डॉक्टरांची.

"म्हणजे उद्या आग लागली तर मी या माणसाच्या तोंडाकडे बघायचं?" तपासनीस घरात येरझारा घालत म्हणाले. "लोकांच्या तोंडात बघणं वेगळं."

"चांगला आहे हो माणूस," बायको म्हणाली. "कळलं की सांगेल."

"सांगेल. स्वतःची गाडी भरून झाली, मुलंबाळं बसली, की खिडकीतून हात हलवून सांगेल."

डॉक्टर स्वतः चांगले गोड बोलायला आले होते. "काय तपासनीस, काही लागलं तर दार वाजवा. अण्णांना उतरवायला वगैरे माणसं लागली तर आधी सांगून ठेवा." तपासनीस "हो, हो" म्हणाले आणि दार लावून घेतलं. आमच्या घरात किती माणसं, कोण चालतं, कोण नाही, याची चौकशी याला कशाला हवी?

तर असा सगळा चहूकडून वेढा पडलेला असताना बॅगेचं वजन वाढत होतं.

तपासनीसांनी सापळा लावला. बॅगेच्या चेनच्या दोन टोकांना बायकोच्या शिवणाच्या डब्यातला काळा दोरा बांधला आणि कारखान्यात गेले. संध्याकाळी दोरा जागच्या जागी होता, पण पांढरा. आता मात्र त्यांचा संताप अनावर झाला. दुसऱ्या दिवशी ते जेवायच्या सुट्टीत, कोणाला न सांगता, अचानक घरी आले. हळूच किल्ली फिरवली. आत अण्णा होते. एका हातानं गुडघा धरून, कसेबसे वाकून, दुसरा हात बॅगेत घालून उभे.

"अण्णा!"

अण्णांनी हात बाहेर काढला. हात रिकामा होता.

"चष्म्याचं घर शोधत होतो," अण्णा म्हणाले.

"ते तुमच्या खिशात आहे."

"मग सापडलं," अण्णा म्हणाले आणि धीरे धीरे खुर्चीकडे गेले.

तपासनीसांनी तिथल्या तिथे बॅग जमिनीवर रिकामी केली. तळाशी टॉवेलात गुंडाळलेला छोटा कुकर निघाला. बाजूच्या कप्प्यातून लेकीचा पोहण्याच्या शर्यतीतला चषक निघाला, तोही लाकडी बैठकीसकट. संध्याकाळी खटला भरला.

"परक्या जागी जाऊन पहिल्या दिवशी डोंबल शिजवणार का?" बायको म्हणाली. "तुमच्या दोरीवर?"

"आणि चषक?"

"बाबा, तो परत मिळत नाही," लेक म्हणाली आणि एकदम रडायलाच लागली.

तपासनीस विरघळले नाहीत. संकटकाळी वजन म्हणजे काय, एक माणूस जिना उतरताना किती ओझं पेलू शकतो, एका जादा वस्तूपायी सगळं कुटुंब कसं मागे राहू शकतं, यावर त्यांनी भाषण दिलं. "प्रत्येकानं स्वतःला विचारायचं, ही गोष्ट नसली तर अडेल का? नाही ना अडणार? मग ती बाहेर!" हे वाक्य त्यांना स्वतःलाच फार आवडलं, म्हणून त्यांनी ते पुन्हा म्हटलं. अण्णांनी बातम्यांचा आवाज बारीक केला होता आणि ते लक्षपूर्वक ऐकत होते.

दोन-तीन दिवसांनी वजन केलं तर काय आश्चर्य! कुकर आणि चषक काढून जेवढा काटा मागे यायला हवा होता, त्याहूनही तो मागे आला होता. तपासनीसांचा ऊर भरून आला. घरातल्या माणसांना शिस्त लागते, फक्त सांगणारा पाहिजे. त्या आनंदाच्या भरात त्यांनी आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. न उघडता, आत न बघता, कारखान्यातून आणलेली हिरवी पट्टी बॅगेच्या चेनवर चिकटवली. तपासलं.

आता बॅग तयार होती, पण माणसं नव्हती. ऐन वेळी लिफ्ट बंद असणार, मग पाचव्या मजल्यावरून जिन्यानं उतरायची सवय हवी. तपासनीसांनी रोज सकाळी कामावर जाण्याआधी प्रॅक्टिस सुरू केली. पुढे लेक, मध्ये बायको, मागे बॅग उचललेले तपासनीस. पहिल्या दिवशी अण्णाही चपला घालून दाराशी येऊन उभे राहिले होते.

"अण्णा, तुम्ही कशाला? गुडघे दुखतील. तुम्ही बसा. ही नुसती प्रॅक्टिस आहे."

"बरं," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशीही अण्णा उठले होते. "तुम्ही बसा, अण्णा. नुसती प्रॅक्टिस आहे." तिसऱ्या दिवसापासून अण्णांनी चपला घातल्याच नाहीत. ते खिडकीतून खाली बघत बसायचे. तिघंजण फाटकाशी पोचले की तपासनीस घड्याळ बघायचे, मान डोलवायचे, आणि सगळे लिफ्टनं परत वर यायचे.

हे फक्त अण्णाच बघत नव्हते. इमारतीचा रखवालदारही बघत होता. हा इथला माणूस. त्याची भाषा तपासनीसांना कामापुरती यायची, म्हणजे 'नाही', 'उद्या' आणि 'कोणी सांगितलं?' एवढी. रोज भल्या पहाटे एक कुटुंब मोठी बॅग घेऊन फाटकापर्यंत येतं, चोरासारखं इकडेतिकडे बघतं, घड्याळ बघतं आणि परत जातं. कोणीतरी न्यायला येणार होतं आणि आलं नाही, असा त्यानं सरळ अर्थ काढला आणि डॉक्टरांना सांगितला.

वरच्या मजल्यावर एक विमावाले राहायचे. विमा विकून विकून त्यांचा स्वभाव असा झाला होता की समोरचा माणूस धडधाकट दिसला की त्यांना काळजी वाटायची. ते एकदा जिन्यात भेटले.

"काय तपासनीस, निघालात की काय?"

"छे! कुठे?"

"नाही, बॅग दिसली हातात."

"बॅगेची चाकं तपासत होतो," तपासनीस म्हणाले.

"जिन्यावर?"

"जिन्यावरच कळतात," तपासनीस म्हणाले आणि सटकले. सरळ उत्तर देणं त्यांना धोक्याचं वाटलं. प्रॅक्टिस म्हटलं असतं तर विमावाल्यांनी दहा सल्ले दिले असते आणि वर स्वतःची बायकोमुलं मागे जोडून दिली असती. पण विमावाले जिन्यात तसेच उभे राहिले. तपासनीस हा अख्ख्या इमारतीतला सर्वात संशयी माणूस. तो जर रोज निघायच्या तयारीत असेल, आणि वर लपवत असेल, तर याला नक्की कुठून तरी आतली बातमी लागली आहे. कारखान्याचा मालक मोठी असामी. विमावाल्यांनी घरी जाऊन आधी पाण्याचे कॅन मागवले.

ते कॅन लिफ्टमध्ये डॉक्टरीणबाईंनी पाहिले. संध्याकाळी डॉक्टरांकडेही कॅन आले. ते तपासनीसांनी दाराच्या भिंगातून पाहिले आणि त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"बघितलंस?" ते बायकोच्या कानाशी लागून म्हणाले. "संपर्कप्रमुखाकडे पाणी आलं. म्हणजे निरोप आलेला आहे. आणि आपल्याला सांगितलं?"

"जाऊन विचारा ना मग."

"विचारलं की सावध होतील."

मग त्यांनी स्वतःच अर्ध्या दिवसाची रजा घ्यायचं ठरवलं, डॉक्टरांवर नजर ठेवायला. रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं हा प्रश्न होता. त्यांनी 'घरगुती' लिहिलं. कारखान्याचे साहेब त्या शब्दाकडे बराच वेळ बघत राहिले. हिरव्या पट्ट्यांचं एक भेंडोळं कमी भरतंय, हे त्यांच्या कानावर आलेलं होतं. हा माणूस पट्ट्यांसकट दुसऱ्या झाकणवाल्याकडे चालला आहे, असा त्यांना दाट संशय आला. "रजेवर जाताना किल्ल्या माझ्याकडे ठेवा," साहेब म्हणाले. इतक्या वर्षांच्या नोकरीत कोणी तपासनीसांवर संशय घेतला नव्हता. ते अपमानानं लाल झाले. माणसानं माणसावर इतका अविश्वास दाखवावा, हे त्यांना फार लागलं.

त्या दुपारी ते बाल्कनीत वाळत घातलेल्या चादरीमागे उभे राहिले. आणि खरोखरच, त्यांच्या डोळ्यांदेखत, डॉक्टर सहकुटुंब खाली आले. डॉक्टरांनी गाडीची डिकी उघडली. एक बॅग आत ठेवली. दुसरी ठेवली. पुन्हा पहिली काढली, आडवी केली. डॉक्टरीणबाई हातवारे करत होत्या. बॅगा डिकीत मावतात का, एवढंच ते बिचारे बघत होते, हे पुढे कळलं. तपासनीसांना त्या क्षणी एकच कळलं.

"निघाले!" ते आत धावले. "चला! चला! सांगितलं होतं मी! एकटे निघाले!"

निरोप आला की सगळ्यांनी जमायचं ठिकाण एका शाळेचं मैदान होतं. तपासनीसांनी टॅक्सी बोलावली, बायकोला वह्यांसकट उठवलं, लेकीच्या कानातलं काढलं आणि अण्णांना हात दिला.

"तुम्ही जा," अण्णा म्हणाले. "मी आहे इथे. घराला माणूस हवंच."

"अण्णा, ही वेळ बातम्या बघायची नाही!"

"बातम्यांचं नाही रे. लिफ्ट चालू आहे तोवर तुम्ही उतरा."

पण तपासनीस ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. म्हातारा माणूस, हट्टी, त्यात टीव्हीचं वेड, असा त्यांनी हिशेब केला आणि अण्णांना जवळजवळ उचलूनच लिफ्टमध्ये घातलं. फाटकाशी डिकीत डोकं घालून उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या समोरून टॅक्सी भरधाव निघाली. डॉक्टरांनी डोकं वर काढलं. तपासनीस, बॅग, बायको, मुलगी आणि कधीही घराबाहेर न पडणारे अण्णासुद्धा! डॉक्टरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी डिकी लावली, वरच्या मजल्याकडे बघून "विमावाले, चला!" अशी आरोळी ठोकली आणि गाडी टॅक्सीच्या मागे घातली. पुढच्या काही मिनिटांत इमारत रिकामी झाली. कोणी काही विचारलं नाही. विचारण्यात वेळ घालवणारे मागे राहतात, असं प्रत्येकाला वाटत होतं. सगळ्यात शेवटी रखवालदारानं लिफ्टचा आणि जिन्यातल्या दिव्यांचा मुख्य खटका बंद केला, फाटकाला कुलूप लावलं आणि तोही निघाला.

मैदानावर शाळेच्या मुलींची रस्सीखेच चालू होती. बॅगा घेऊन धापा टाकत आलेली ती माणसं बघून खेळाच्या बाईंनी शिटी वाजवली आणि त्यांना रेघेच्या मागे उभं राहायला सांगितलं. सगळे मुकाट उभे राहिले. दुसरं कोणीच आलेलं नव्हतं. ना बस, ना दूतावासाचा माणूस. डॉक्टर तपासनीसांकडे आले.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"मला? तुम्हाला कधी कळलं ते सांगा!"

शेवटी डॉक्टरांनी दूतावासात फोन लावला. तासाभरानं तिथले एक अधिकारी आले. दमलेला माणूस. शर्टाची एक बाही वर, एक खाली. त्यांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला इथे यायला कोणी सांगितलं?"

सगळ्यांनी विमावाल्यांकडे बघितलं. विमावाल्यांनी डॉक्टरांकडे बोट दाखवलं. डॉक्टरांनी तपासनीसांकडे. तपासनीसांनी ताठ मानेनं बोट उचललं आणि परत डॉक्टरांकडेच दाखवलं. अधिकाऱ्यांनी त्या बोटांकडे पाहिलं, डोळे मिटले, उघडले. "ठीक आहे. निरोप कोणालाच नाही. पण आलाच आहात तर हा सराव समजू. प्रत्येक कुटुंबानं पासपोर्ट दाखवा आणि घरी जा."

आपली बॅग सगळ्यात व्यवस्थित असल्याची तपासनीसांना खात्री होती. निदान ही लाज तरी वाचणार होती. अण्णा बसायला काही नाही म्हणून बॅगेवरच बसले होते. त्यांना उठवलं. तपासनीसांनी सगळ्यांना दिसेल अशा बेतानं हिरवी पट्टी फाडली आणि पासपोर्ट काढले. स्वतःचा, बायकोचा, लेकीचा. पुन्हा हात घातला. मग बॅग उपडी केली. बिस्किटं, बॅटरी, दोरी. अण्णांचा पासपोर्ट नव्हता. अण्णांचे कपडे नव्हते. औषधांची डबीही नव्हती.

"चोरी!" तपासनीस ओरडले. मुलींनी दोर सोडला. "मी म्हणत होतो! बॅगेत कोणाचा तरी हात आहे! डॉक्टर, आमच्याकडे माणसं किती आणि चालतं कोण, याची चौकशी तुम्हीच करत होतात. आमची दुसरी किल्लीही बायकोनं तुमच्याकडेच ठेवलेली आहे!"

"अहो, काय बोलताय?" बायकोनं त्यांचा हात धरला. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"मी काढलं," अण्णा म्हणाले.



"मी काढलं रे ते. कपाटात आहे माझ्या, नीट ठेवलंय." अण्णा लेकीच्या खांद्यावर हात टेकून उभे होते. ते कुरकुर करत नव्हते, सहज सांगत होते. "तू म्हणालास ना, जे नसलं तर अडणार नाही ते बाहेर काढा. पाच मजले मला उतरवणार कोण? तू बॅग धरणार.   मग माझे कपडे उगाच कशाला न्यायचे? पोरीचा चषक बसेल तेवढ्यात. तो परत आणून ठेवणारच होतो, पण तू पट्टी लावून टाकलीस. मग प्रॅक्टिसमध्येही मला बसवलंस, तेव्हा म्हटलं, बरोबर आहे, यानं विचार करूनच ठरवलंय."

 तपासनीसांनी बॅग भरली होती ती खरं म्हणजे एकाच भीतीनं, की आपल्यापैकी कोणीतरी मागे राहील. आणि रोज सकाळी, घड्याळ लावून, त्यांनी स्वतःच एका माणसाला मागे ठेवलं होतं. घरात कोण काय आत घालतंय यावर त्यांनी डोळ्यात तेल घालून पहारा दिला. बाहेर काय जातंय ते बघितलंच नाही. ते मैदानावर गुडघ्यावर बसले होते तसेच बसून राहिले, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. ते डोळे त्या वेळी पूर्ण उघडे होते.

"ऊठ रे," अण्णा म्हणाले. "पोरी बघतायत."

अधिकाऱ्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "एक पासपोर्ट घरी विसरला, असं लिहितो," ते हळूच म्हणाले.

घरी परत आले तर लिफ्ट बंद. मागोमाग परतलेल्या रखवालदारानं मुख्य खटका पुन्हा लावला, पण लिफ्टनं जी मान टाकली ती टाकली. तिचा माणूस उद्या येणार होता. तपासनीसांना 'उद्या' हा शब्द समजला. आता अण्णांना पाच मजले वर न्यायचं होतं. तपासनीस जिन्याच्या तोंडाशी बराच वेळ उभे राहिले. आयुष्यात त्यांनी कोणाकडे काही मागितलं नव्हतं, कारण मागितलं की समोरच्याला आपली गरज कळते. आणि ज्याच्याकडे मागायचं त्याला त्यांनी तासाभरापूर्वी चारचौघांत चोर ठरवलं होतं.

"डॉक्टर," ते म्हणाले.  "माझं चुकलं. अण्णांना उतरवायला... म्हणजे चढवायला... एक माणूस लागेल. मला एकट्याला जमणार नाही."

 डॉक्टर रखवालदाराच्या खोलीत गेले, त्याची लाकडी खुर्ची घेऊन आले आणि म्हणाले, "मी मागून धरतो. तुम्ही पुढे व्हा. आणि पुढे बघा, माझ्याकडे नका बघू. मी टाकणार नाही त्यांना."

तरी तपासनीसांनी दोनदा मागे बघितलंच. विमावाले पुढे चालत प्रत्येक पायरीचे धोके समजावून सांगत होते. खुर्ची वळणावर अडकली तेव्हा लेकीनं बॅगेतली दोरी आणली आणि अण्णांना खुर्चीला बांधलं. अखेर दोरीचं काम निघालं. "ताठ बसा, आजोबा," लेक म्हणाली. "बसतो, पण तुझा बाप हलवतोय," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तपासनीसांनी बॅग पुन्हा भरली. सगळ्यात आधी अण्णांचे कपडे, पासपोर्ट, औषधं. मग बाकीचं. मग चषक, बैठकीसकट. बायकोनं कुकर आणून समोर ठेवला तेव्हा त्यांनी नुसता सुस्कारा सोडला आणि जागा करून दिली. वजनकाटा त्यांनी पलंगाखाली ढकलला. मग समोरचं दार वाजवलं.

"प्रॅक्टिस आहे," ते म्हणाले. हे सरळ उत्तर देताना त्यांना अंगावर कपडे नसल्यासारखं वाटलं.

सगळी इमारतच आली. अण्णा चपला घालून, दाढी करून, आधीपासूनच खुर्चीत बसले होते. पुढे तपासनीस, मागे डॉक्टर, कडेनं विमावाले आणि वरून सूचना करणाऱ्या डॉक्टरीणबाई, अशी ती वरात खालपर्यंत आली. दोनदा खुर्ची भिंतीला घासली आणि एकदा विमावाल्यांचा पाय तिच्याखाली सापडला. फाटकाशी खुर्ची टेकवून तपासनीसांनी सवयीनं घड्याळ बघितलं. आधीच्या सगळ्या प्रॅक्टिसपेक्षा दुपटीहून जास्त वेळ लागला होता. मग त्यांनी माणसं मोजली. सगळी होती. मग त्यांचे डोळे बारीक झाले.

"बॅग? बॅग कोणाकडे आहे?"

बायकोनं लेकीकडे बघितलं. लेकीनं डॉक्टरांकडे बघितलं. तपासनीसांनी एकेकाचा चेहरा उजेडात धरून बघायला सुरुवात केली आणि शेवटी खुर्चीपाशी आले. अण्णा सकाळच्या उन्हात, पाय लांब करून, मजेत रस्त्याकडे बघत होते.

"वर आहे," अण्णा म्हणाले. "मीच म्हटलं, बसू दे तिला. नुसती प्रॅक्टिस आहे."